बॉनेटची कड

"दसऱ्याला गाडीला हार घालायचाय, तर आधी तिचं तोंड धुवा," असं आई म्हणाली आणि आमच्या प्रीमियर पद्मिनीचं काम माझ्या गळ्यात पडलं. १९८४ ची गाडी, आजोबांनी नंबर लावून घेतलेली. पुढे बाबांनी चालवली. त्यांचे गुडघे बोलायला लागल्यापासून ती दांडिया बाजारातल्या घरामागे पत्र्याखाली उभी होती. गडद निळा रंग खडूसारखा पांढुरका झालेला. गॅरेजवाला म्हणाला, सगळी घासून नव्याने रंगवू. बाबांनी साफ नकार दिला. "रंग कंपनीचा आहे, आहे तोच राहू दे."

मग आधी रंग समजून घेतला. आजच्या गाड्यांवर रंगाच्या वर पारदर्शक थर असतो. आमच्या गाडीला तो नाही, रंग हाच शेवटचा थर. उन्हाने वरचा पापुद्रा मरतो, खाली निळा जिवंत असतो. ओळखायचं कसं? पांढऱ्या कापडावर थोडं पॉलिश घेऊन कोपऱ्यात घासा. कापड निळं झालं तर पारदर्शक थर नाही. मी पहिल्यांदा ते कापड पाहून घाबरलोच होतो!

पण घासताना रंगच निघतो, हे विसरायचं नाही. चमक येते ती थर कमी होऊन. म्हणून आधी धूळ-माती नीट धुवायची, सावलीत आणि पत्रा गार असताना काम करायचं, सौम्य पॉलिशने सुरुवात करायची, त्याने भागलं नाही तरच रबिंग कंपाउंड. एका वेळी दोन तळव्यांएवढीच जागा. कडांवर आणि घड्यांवर रंग सगळ्यात पातळ असतो, तिथे मास्किंग टेप लावायची. जुन्या रंगात शिसं असू शकतं, त्यामुळे कोरडा पॉलिश पेपर मारून धूळ उडवू नका.

हे सगळं मला ठाऊक होतं. तरी दुसऱ्या दिवशी मित्राचं मशीन आणलं आणि टेपचा कंटाळा केला. बॉनेटच्या उजव्या कडेवर बोटभर राखाडी प्रायमर उघडा पडला. आजोबांच्या गाडीचा चाळीस वर्षं टिकलेला रंग मी काही सेकंदांत उडवला होता. बाबा बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, "चल, जेवून घे."

दुसऱ्या दिवशी सकाळी ते स्टूल टाकून दाराजवळ बसलेले दिसले. हातात स्पंज, पुसायला जुनं धोतर. दुपारपर्यंत एक दार झालं, आणि त्यात पलीकडच्या ओट्यावरची मांजर दिसायला लागली. बाकीची गाडी आम्ही दोघांनी हातानेच केली, वर मेण लावलं.

प्रायमर ओल धरतो, तसाच ठेवला तर खाली गंज लागतो, म्हणून त्या कडेला बारीक ब्रशने रंग लावून घेतला. छटा जुळली नाही, जवळून कळतं. दसऱ्याला बाबांनी झेंडूचा हार बरोबर तिथेच सरकवून घातला. टप अजून बाकी आहे. मशीन मित्राला परत दिलंय.