तिसरा रकाना

सार्वजनिक आरोग्यावरील खर्च वाढविल्याने सेवा सुधारते काय, हा वाद जुना आहे. शब्दांच्या छटा पारखण्याची सवय असलेल्या वाचकांपुढे आम्ही तो 'खर्च' या शब्दापासूनच मांडू इच्छितो.

अर्थसंकल्पात एका वर्षाचे तीन आकडे येतात: आधी अर्थसंकल्पीय अंदाज, मग सुधारित अंदाज, शेवटी प्रत्यक्ष खर्च. मथळे पहिल्या आकड्याचे होतात. तिसरा छापून येतो तो जवळजवळ दोन वर्षांनी. तेव्हा त्या वर्षाची चर्चा संपलेली असते. तरतूद हा केवळ संकल्प आहे. आपण मात्र तिलाच खर्च म्हणतो आणि सेवा सुधारली नाही की पैशाला दोष देतो.

फुटक्या रांजणात पाणी कशाला ओतायचे, हा युक्तिवाद यातूनच जन्मतो. तो आम्हांस मान्य नाही. पैसे देता येत नाहीत म्हणून कोणी उपचारांवाचून राहू नये, हे तत्त्व भोर समितीने 1946 सालीच मांडले होते. 2017 च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणाने 2025 पर्यंत स्थूल देशांतर्गत उत्पादनाच्या 2.5 टक्के सरकारी खर्चाचे उद्दिष्ट ठेवले. ते गाठले गेले नाही. तरीही राष्ट्रीय आरोग्य लेख्यांनुसार 2014-15 ते 2021-22 या काळात हा खर्च 1.13 वरून 1.84 टक्क्यांवर गेला, आणि एकूण आरोग्यखर्चातील रुग्णाच्या खिशाचा वाटा 62.6 वरून 39.4 टक्क्यांवर उतरला. पैसा निरर्थक नाही, एवढे तरी यावरून दिसते.

परंतु पैसा खाटेपर्यंत पोहोचण्यास वाट लागते. तमिळनाडूने 1990 च्या दशकात औषधखरेदीसाठी स्वतंत्र महामंडळ स्थापून ती वाट बांधली: एकत्रित निविदा, जिल्ह्यांत गोदामे, औषधांच्या नमुन्यांची तपासणी, आणि प्रत्येक रुग्णालयाच्या हाती आपल्या वाट्याच्या औषधांचे पासबुक. याउलट चित्र आपल्याकडचे. जानेवारी 2021 मध्ये भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात, नवजात शिशूंच्या कक्षाला लागलेल्या आगीत दहा बालके दगावली. राज्यभर अग्निसुरक्षेच्या तपासणीचे आदेश निघाले. त्याच वर्षी नोव्हेंबरात, अहमदनगरच्या जिल्हा रुग्णालयातील अतिदक्षता विभाग पेटला आणि अकरा रुग्ण गेले. इमारत उभारण्याचा खर्च उद्घाटनाला दिसतो; वायरिंगची देखभाल, परिचारिकांची भरलेली पदे, वेळेवर आलेली औषधे यांचे उद्घाटन होत नाही.

म्हणून 'निधी वाढवा' ही मागणी सोडू नये, पण तेवढ्यावर थांबूही नये. येत्या अर्थसंकल्पात आरोग्याची तरतूद वाचताना तिच्या शेजारचा, दोन वर्षांपूर्वीच्या प्रत्यक्ष खर्चाचा रकानाही वाचावा. आणि त्या वर्षी मुळात किती कबूल केले होते, तो जुना आकडा शोधून त्याच्यापुढे ठेवावा. दोहोंत अंतर का पडले, हे आपल्या आमदाराला विचारण्यास अर्थशास्त्राची पदवी लागत नाही.