पेटीवरचा राग

कमी दिवसांच्या बाळांना काचेच्या पेटीत ठेवून जगवणं म्हणजे निसर्गाशी मांडलेलं भांडण आहे, असं नाशकातल्या एका व्याख्यानात एका विद्वान गृहस्थांनी सांगितलं आणि टाळ्याही घेतल्या. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं: पूर्वी पेट्या नव्हत्या, तरी सातव्या महिन्यातली मुलं जगलीच की, आता यंत्रं ओढूनताणून जगवतात आणि आईबापांच्या गळ्यात जन्माचं अपंगत्व बांधतात, शिवाय हा सगळा बिलाचा धंदा.

बिल वाढतं, मान्य. म्हणून बाळावरच पाणी सोडायचं, हा तोडगा त्यांनी आधी स्वतःच्या नातवासाठी सुचवून पाहावा.

खरी गंमत 'जगलीच की' यात आहे. आमचे आजोबा सातव्यातले, कापसात गुंडाळून ठेवले होते, नव्वदी पार केली, ही गोष्ट बहुतेक घरांत सापडते. त्या आजोबांच्या पाठची जी भावंडं बारशाआधीच गेली, त्यांना नावच नव्हतं. गोष्ट कुठली असणार? जिवंत राहिलेल्यांनी सांगितलेल्या गोष्टी मोजून जगण्याचं प्रमाण काढायचं, हे गणित फक्त व्यासपीठावर जमतं. आणि कापसात गुंडाळत होते ते कशासाठी? उबेसाठीच ना? पेटी तेच करते, तापमान बघून करते. कापूस तेवढा निसर्ग आणि काच तेवढी अधर्म! याच मंडळींचा जुना लाडका सिद्धांत म्हणजे सातव्यातलं जगतं, आठव्यातलं राहत नाही. यावर मी पूर्वी अनेकांपुढे घसा कोरडा केला आहे. फुप्फुसातले बारीक फुगे मिटू न देणारा पदार्थ पोटात आठवड्यागणिक वाढत जातो. म्हणून आठव्यातलं बाळ सातव्यातल्यापेक्षा सुरक्षितच. हे सांगितलं की उत्तर मिळतं, 'आमच्या आजीचा अनुभव वेगळा होता.' आजीपुढे कोण बोलणार?

अपंगत्वाचा मुद्दा मात्र पोकळ नाही. 1940-50च्या दशकांत पेटीतला बेसुमार ऑक्सिजन हजारो मुलांची दृष्टी घेऊन गेला. मग हात आखडला, तर मृत्यू वाढले. वाट सापडली ती ऑक्सिजन मोजून देण्यात आणि महिन्याच्या आत डोळ्यांचा पडदा तपासण्यात. यंत्र बंद करून नव्हे.

आणि निसर्गाशी भांडण म्हणता, तर 2017चं नाशिक आठवा. जिल्हा रुग्णालयाच्या नवजात कक्षात एप्रिलपासूनच्या पाच महिन्यांत 187 बाळं गेली, एकट्या ऑगस्टमध्ये 55. कमी दिवसांची, कमजोर फुप्फुसांची, खासगीतून शेवटच्या घटकेला आणलेली, असं रुग्णालयाचं म्हणणं होतं. पेट्या 18, एकेकीत दोन-दोन, तीन-तीन बाळं. निसर्गाचा यात संबंध इतकाच की कक्ष वाढवायच्या नव्या इमारतीच्या जागेवर झाडं उभी होती आणि ती तोडायची परवानगी अडली होती.

मग करायचं काय? नवं काही नाही. चौतीस आठवड्यांआधी कळा सुरू झाल्या तर आईला स्टेरॉइडची स्वस्त इंजेक्शनं. बाळाची फुप्फुसं लवकर तयार होतात, हे 1972पासून छापील आहे. दुसरं, कांगारू पद्धत, 1978ची, कोलंबियातल्या बोगोटाची, तीही पेट्या अपुऱ्या पडल्या म्हणून निघालेली. टोपी, मोजे आणि लंगोट एवढंच घातलेलं बाळ आईच्या उघड्या छातीवर उभं, पाय बेडकासारखे दुमडलेले, मान एका कुशीला, नाक मोकळं, वरून फडकं घट्ट बांधलेलं. 2021मध्ये भारतासह पाच देशांतल्या अभ्यासात असं दिसलं की बाळ स्थिर होण्याची वाट न बघता जन्मल्यापासूनच हे केलं तर मृत्यू पाव हिश्श्याने घटतात. ओढायला न येणाऱ्या बाळाला आईचंच दूध नळीने किंवा वाटी-चमच्याने. गडचिरोलीत तर गावातल्या बायकांना शिकवून घरोघर नवजातांची काळजी घेतली गेली, त्याचे आकडे 1999पासून जगापुढे आहेत.

हे सगळं व्हायला आई बाळाजवळ हवी, तिला खाट हवी, जेवण हवं. पेठ-सुरगाण्याची बाई दिंडोरी-निफाडच्या द्राक्षबागांत दिवस भरेपर्यंत राबते. तिला रुग्णालयाच्या व्हरांड्यात बसवून कांगारू होत नाही. घरी सोडताना डोळ्यांच्या तपासणीची तारीख कार्डावर लिहून देतात, त्या दिवशी सावळघाटातून नाशकापर्यंत यायचं भाडं आणि बुडालेली मजुरी तिच्या हातात पडली तर ती येईल.