तुमचा काय संबंध?

नागपूर-हैदराबाद हायवेवरचं जाम आपल्याला माहीत ते चंद्रपूरचा फाटा म्हणून. तिथल्या अपघाताची एफआयआर पुण्यात बसून दिसायला हवी की नको? सुप्रीम कोर्टाने २०१६ मध्येच सांगितलंय: २४ तासांत वेबसाइटवर टाका, नेट रडत असेल तर ७२. (लैंगिक गुन्हे वगैरे संवेदनशील प्रकरणं सोडून, आणि ते बरोबरच आहे.) माहिती अधिकारात तर कलम ६(२) प्रमाणे कारण विचारायचंच नाही.

कोर्टाच्या कागदांचं मात्र उलटं! २०२० मध्ये त्याच सुप्रीम कोर्टाने, गुजरात हायकोर्टाच्या प्रकरणात, सांगितलं: त्रयस्थाने हायकोर्टाच्या नियमांनुसारच अर्ज करावा, सोबत कारणांचं प्रतिज्ञापत्र. का बुवा? खटला उघड्या कोर्टात चालला, कुणीही मागच्या बाकावर बसून ऐकला असता. मग नक्कल मागताना आमचा संबंध का सिद्ध करायचा?