गाडी विकायची, पण सगळं सांगून



सासऱ्यांची १९७१ ची फियाट विकायची ठरली आहे. विकावी की नाही, यावर घरात वाद नाही, ते स्वतःच जाण्याआधी सांगून गेले, "चालती आहे तोवर द्या, शेडमध्ये कुजवू नका." वाद आहे तो घेणाऱ्याला काय काय सांगायचं यावर. माझं मत पक्कं आहे. सगळं सांगायचं, आणि तेही त्याने भाव विचारायच्या आधी.

नव्या मुलींना वाटतं फियाट म्हणजे मुंबईची काळी-पिवळी. मूळची ती इटलीची. सोलापूरच्या दिगंबर जैन घरातले वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स उभी केली आणि पुढे तिच्या कुर्ल्याच्या कारखान्यात फियाट बनू लागली. आमच्याकडच्या वडीलधाऱ्यांना त्याचं भारी कौतुक, जणू गाडी घरच्याच माणसाने बनवली! इटलीत याच कंपनीने १९६६ मध्ये उघड्या टपाची १२४ स्पायडर काढली. आपल्या वाट्याला आली ती चार दारांची, बंद टपाची, स्टिअरिंगजवळ गिअरचा दांडा असलेली अकराशे. तिचंच नाव पुढे पद्मिनी झालं. लालबहादूर शास्त्रींनीही १९६४ मध्ये फियाटच घेतली, बँकेचं पाच हजार कर्ज काढून. ते गेल्यावर ललिताजींनी ते फेडलं. ती गाडी दिल्लीत त्यांच्या स्मारकात जपून ठेवली आहे. आमची काही तेवढी मोठी नाही.

पण जपलेली आहे, यात शंका नाही. सासरे रविवारी बॅटरीची टोकं पुसायचे, महिन्यातून एकदा नृसिंहवाडीपर्यंत फेरी मारायचे, आणि पेट्रोल, ऑइल, टायर सगळं एका वहीत लिहायचे. मुंबईतली शेवटची फियाट टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये बंद झाली, तेव्हापासून आमच्याकडेही चौकशीला माणसं येऊ लागली. गाडी बघून म्हणतात, "नवी दिसते की हो!"

तिथेच खरी अडचण आहे. शिरोळ तालुक्यात राहणाऱ्याला २०१९ चा ऑगस्ट सांगायला नको. पाणी चढलं तेव्हा म्हशी, म्हातारी माणसं आणि धान्य आधी हलवलं, गाडी राहिली. शेडमध्ये पाणी सीटच्या वर होतं. ओसरल्यावर सासऱ्यांनी वायरिंग नवं घातलं, सीट उसवून पुन्हा भरल्या, खालचा कुजलेला पत्रा बदलला. डाव्या मागच्या मडगार्डला आणि दाराखालच्या पट्टीला मात्र पुट्टी भरून रंग मारलाय. तो रंग इतका छान बसलाय की मलाही कुठून कुठपर्यंत ते सांगता येत नाही.

धाकटे दीर म्हणतात, "विचारलं तर सांगू की वहिनी, पण आपण होऊन कशाला? गिऱ्हाईकानं बघून घ्यावं." बाजाराची रीत हीच आहे, हे मी मानते. पण ज्याला गाडीतलं कळतं तो रुमालात लोहचुंबक गुंडाळून आणतो. पत्र्याला तो चिकटतो, पुट्टीवरून घसरतो. त्याच्यापासून काहीच लपत नाही. आपल्या गप्प बसण्याने फसतो तो फक्त ज्याला कळत नाही तो. म्हणजे नेमका आपल्यावर विश्वास ठेवून आलेला. अचौर्य अणुव्रताच्या अतिचारांत प्रतिरूपक व्यवहार येतो. चांगल्या मालाच्या रूपात हलका माल खपवणं. आपण तो तुपातल्या भेसळीपुरता धरतो. रंगाखालची पुट्टी त्यातच मोडते, असं मला वाटतं.

म्हणून मी एका कागदावर यादी केली: पूर, पुट्टी, बदललेलं वायरिंग, थंडीत चोक ओढल्याशिवाय न उठणारं इंजिन. मीटरचे आकडे पाचच असतात आणि ते एकदा फिरून पुन्हा शून्यावर आलेत, हेही लिहिलं. कागद वाचून दोघे परत गेले. दीर तीन दिवस बोलले नाहीत.

उरले दोघे. एकाचा वरातीच्या गाड्यांचा धंदा. त्याने दुसऱ्यापेक्षा चाळीस हजार जास्त देऊ केले, आणि हसत म्हणाला, "टप कापून ओपन करतो, नवरा-नवरी उभी राहतील." कायद्याने हे चालत नाही, मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ गाडीत असा बदल करू देत नाही. शिवाय पन्नास वर्षांपुढच्या गाडीची व्हिंटेज म्हणून नोंदणी करायची, तर २०२१ च्या नियमाप्रमाणे ती मूळ रूपात लागते, आणि तशी नोंदलेली गाडी धंद्याला लावता येत नाही. पण मला पटलं ते जयसिंगपूरच्या मिस्त्रींचं बोलणं. या गाडीला ट्रकसारखी वेगळी चॅसिस नाही, पत्र्याचा सांगाडाच सगळा भार पेलतो. उघड्या टपाची गाडी बनवताना खालचा भाग मुळातच जास्त मजबूत करतात. हिचा टप कापला तर मधूनच वाकेल, दारं बसणार नाहीत, आणि आत माणसं असतील. त्याला नाही म्हटलं.

दुसरे मिरजेचे एक शिक्षक आहेत. पुराचं ऐकून त्यांनी भाव थोडा उतरवला, तो आम्ही मान्य केला. आता मुलगी म्हणते, "मग त्यांच्याकडून लिहून घे ना, कधी टप कापणार नाही म्हणून." ते मी करणार नाही. गाडी कुणाला द्यायची हे ठरवायचा हक्क देईपर्यंतच असतो. पैसे घ्यायचे आणि दोरीही हातात ठेवायची, म्हणजे शेड रिकामी झाली तरी परिग्रह मनात तसाच.

फॉर्म २९ आणि ३० वर सह्या झाल्या आहेत. मालकी बदलल्याचं चौदा दिवसांत आरटीओला कळवायचं असतं, ते काम ह्यांच्याकडे. बरोबर वहीही द्यायची आहे. सासूबाई तयार आहेत, पण मधली चार पानं काढून घेणार म्हणतात. त्यांत १९८४ चा दुधाचा हिशोब आहे.