वेगाआधी ब्रेक

जुन्या वस्तूस नवी शक्ती जोडण्याचा मोह व्यापाऱ्यास नवा नाही. इंग्लंडमधील नॉटिंगहॅमच्या रॅले कंपनीची ‘चॉपर’ सायकल १९७० साली तेथील बाजारात आली. उंच हँडल, पाठीस टेकू असलेली लांब बैठक, मागील चाक २० इंची व पुढील १६ इंची, असा तिचा थाट. तिकडचे हौशी लोक आज तीस विजेची मोटर बसवितात. हौस स्तुत्य आहे. परंतु आधी हिशेब ब्रेकचा करावा, असे आमचे मत आहे.

स्वाराचा भार मागे पडत असल्याने या सायकलीचे पुढील चाक मुळातच उचलू पाहते. मोटर व बॅटरी मागे बसविली, तर तोल अधिकच बिघडतो. मोटर पुढे बसविली, तर हलके चाक घसरते. जुन्या पोलादी रिमवर पावसात ब्रेक नीट धरत नाही. म्हणून प्रथम ब्रेक सुधारावे, बॅटरी सांगाड्याच्या मध्यभागी ठेवावी व २५० वॅटची मोटर पुरे मानावी. ब्रिटिश कायद्याची मर्यादाही तीच असून, अशी सायकल १४ वर्षांखालील मुलास चालविता येत नाही. मुलांचे खेळणे मोटर बसताच वाहन होते, हे पालकांनी विसरू नये.

उधारी वाढविण्यापूर्वी वसुलीची सोय पाहणाऱ्या आमच्या बंधूंस याहून अधिक सांगणे नलगे.