चाळ रिकामी होते, तेव्हा चळवळीचे कागद कुठे जातात?

ऑगस्ट 2025 मध्ये वरळीच्या बीडीडी चाळींतल्या 556 कुटुंबांना नव्या टॉवरमधल्या घरांच्या चाव्या मिळाल्या. 160 चौरस फुटांच्या खोलीत तीन पिढ्या काढलेल्या माणसांना 500 चौरस फुटांचं घर मिळतंय, याचा आनंदच आहे. त्या घराविरुद्ध इथे काहीही म्हणायचं नाही. प्रश्न वेगळा आहे. जुन्या खोलीतून नव्या घरात काय गेलं, आणि रद्दीवाल्याच्या काट्यावर काय गेलं?

वरळी, नायगाव आणि ना. म. जोशी मार्ग मिळून 195 इमारतींचा हा पुनर्विकास आहे. 1920च्या दशकात सरकारच्या बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटने या चाळी बांधल्या. कोकणातून, देशावरून आलेला गिरणी कामगार इथे राहिला आणि त्यात आपला समाज मोठ्या संख्येने होता. दलित पँथरचा इतिहास या चाळींशिवाय सांगताच येत नाही. जानेवारी 1974 मध्ये इथे दंगल पेटली, त्याच दिवसांत मोर्चावर झालेल्या हल्ल्यात भागवत जाधव शहीद झाले. पुढे न्यायमूर्ती भस्मे आयोगाने वरळी-नायगावच्या दंगलीची चौकशी केली. म्हणजे सरकारच्या भाषेतला इतिहास अहवालात बांधून ठेवलेला आहे. त्या रात्री चाळीत कोणी कोणाला आसरा दिला, पत्रकं कुठे छापली, जखमींना कोणी नेलं, हा इतिहास मात्र चाळीतल्या माणसांकडे आहे. ती माणसं आज सत्तरी-ऐंशीच्या घरात आहेत.

माझ्या कामामुळे अशा घरांत सतत जाणं होतं. पोटमाळ्यावरच्या पत्र्याच्या पेटीत काय असतं? भीमजयंती उत्सव मंडळाची पावती पुस्तकं, मंडळाच्या सभांचं इतिवृत्त, गावकीच्या मुंबई शाखेची वर्गणीची वही, हँडबिलं, निवडणुकीची पत्रकं, भीमगीतांच्या कॅसेट, मागे कोणाचंही नाव न लिहिलेले ग्रुप फोटो. घरातल्या तरुण पिढीला ही अडगळ वाटते. यात त्यांचा फार दोष नाही. ही पावती पुस्तकं म्हणजे इतिहास आहे, असं त्यांना ना शाळेने सांगितलं, ना आपल्या प्रबोधन शिबिरांनी. शिबिरात इतिहास म्हणजे महाड, नाशिक, नागपूर. आपला मजला त्यात येत नाही.

वर्गणीच्या वहीचा उपयोग काय, असं कोणी विचारलं तर समाजशास्त्राची विद्यार्थिनी म्हणून मी तासभर बोलू शकते. गिरणीत रोजावर राबणारा माणूस कोणत्या महिन्यात किती पैसे कशासाठी देत होता, यावरून चळवळ कशी उभी राहते हे जेवढं कळतं तेवढं भाषणांच्या संग्रहातून कळत नाही. पण त्याहून रोखठोक उपयोगही आहे. अनुसूचित जातीचा दाखला काढायला गेलं की 10 ऑगस्ट 1950 पूर्वीच्या वास्तव्याचा पुरावा मागतात. आजोबांची भाडेपावती, शाळा सोडल्याचा दाखला, जन्म-मृत्यूची नोंद यांची शोधाशोध तेव्हा सुरू होते. त्यात जुन्या कागदावर ‘हिंदू महार’ आणि नातवाच्या कागदावर ‘बौद्ध’, मग हे एकच घराणं आहे हे दाखवायला मधल्या पिढीचे कागद लागतात. ज्या पेटीत मंडळाची वही असते, त्याच पेटीत ही भाडेपावती असते. पेटी गेली की दोन्ही जातात.

संशोधनाच्या बाजूने एकच उदाहरण देते. उर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांचं ‘आम्हीही इतिहास घडवला’ 1989 मध्ये आलं. आंबेडकरी चळवळीतल्या स्त्रियांना शोधत, त्यांच्या घरी जाऊन, त्यांच्याशी बोलून त्यांनी ते उभं केलं. आणखी दहा-पंधरा वर्षं उशीर झाला असता तर त्यातल्या किती जणींची नावंही उरली नसती? आज आपण सभांमध्ये ज्या स्त्रियांची नावं अभिमानाने घेतो, त्यातली बरीच या घरोघर फिरण्यातून हाती लागलेली आहेत.

आता सरकारकडे आणि आपल्याकडेही पाहू. इंदू मिलच्या 12 एकर जागेवर स्मारक उभं राहतंय, चबुतऱ्यासह 450 फूट उंचीचं. त्याचं भूमिपूजन 2015 मध्ये झालं. दुसरीकडे बाबासाहेबांच्या लेखन आणि भाषणांच्या खंडांची छपाई रखडली म्हणून मुंबई उच्च न्यायालयाला 2021 मध्ये स्वतःहून दखल घ्यावी लागली. पुतळ्याचं उद्घाटन करता येतं, जुन्या वहीचं करता येत नाही, एवढं साधं गणित आहे.

पण सगळं सरकारवर ढकलून चालणार नाही. 25 जून 2016च्या पहाटे दादरचं आंबेडकर भवन आणि तिथला बुद्धभूषण प्रिंटिंग प्रेस पाडला गेला. जुलैमध्ये प्रचंड मोर्चा निघाला, निघायलाच हवा होता. त्या मोर्चातल्या किती जणांनी पाडापाडीच्या आधी त्या प्रेसमध्ये पाऊल ठेवलं होतं? शिवाय आपल्यातले गट. या गटाची पेटी त्या गटाला दाखवायची नाही, आणि एखादा अभ्यासक मूळ कागद नेतो तो परत करत नाही. घरच्या म्हाताऱ्या माणसांचा विश्वास उडालाय तो यामुळे. म्हणून पहिला नियम असा हवा की मूळ कागद घरातून हलवायचाच नाही. मोबाइलवर नीट उजेडात फोटो काढायचा आणि कागद मालकाच्या हातात परत द्यायचा.

फोटो काढणं सोपं आहे, पण नोंद करायला कंटाळा येतो. कोणाच्या घरचा कागद, कुठल्या चाळीतला, कोणत्या साली, फोटोत डावीकडून कोण कोण, हे त्याच दिवशी लिहिलं नाही तर सहा महिन्यांनी तो नुसता जुना कागद उरतो. आणखी एक, जुने कागद लॅमिनेट करू नका. चांगलं वाटतं म्हणून खूप जण करतात, पण ते प्लास्टिक पुन्हा निघत नाही आणि कागद आतल्या आत खराब होत जातो. सेलोटेपचंही तेच. कॅसेटची तर घाईच आहे, फीत बुरशी धरते आणि ती वाजवणारं यंत्रही आता सहज मिळत नाही. तयार झालेल्या प्रती एकाच कार्यकर्त्याच्या मोबाइलमध्ये राहू नयेत. विहाराच्या कॉम्प्युटरवर एक, हार्ड डिस्कवर एक, त्या कुटुंबाकडे एक. आणि सगळंच फेसबुकवर टाकायचं नसतं. जातीचे दाखले, पत्ते, घरगुती पत्रं घरच्यांना विचारल्याशिवाय बाहेर जाता कामा नयेत.

पुनर्विकासाचं काम टप्प्याटप्प्याने चालतं. कोणती इमारत कधी रिकामी होणार, हे रहिवाशांच्या समितीला आधी कळतं. भागातल्या विहाराच्या तरुणांनी ती तारीख मिळवायची आणि सामान बांधायला लागण्याआधीचा एक रविवार त्या इमारतीला द्यायचा. दोघांनी फोटो काढायचे, एकाने वहीत नोंदी करायच्या, एकाने आजी-आजोबांचं बोलणं रेकॉर्ड करायचं. एका मजल्याला चार जण पुरतात.