हिशेबाचा वाचक

मजकुराचा अपेक्षित वाचक कोण, हा प्रश्न आपण साहित्याच्या वर्गात विद्यार्थ्यांना आवर्जून विचारायला लावतो. कथा-कादंबरीला तो विचारतो, दलित आत्मकथनांना विचारतो, कधी कवितेलाही विचारतो. कायदे, अहवाल आणि हिशेबपत्रके यांना मात्र सहसा विचारत नाही. वास्तविक तेही मजकूरच असतात, आणि त्यांच्या वाचकाची निवड चुकली तर समीक्षकाची नाराजी ओढवून भागत नाही; माणसांच्या तोंडचा घास जातो. चाड या आफ्रिकी देशाच्या तेलाच्या पैशाची कहाणी मला या दृष्टीने वाचण्यासारखी वाटते.

मध्य आफ्रिकेतला, समुद्रकिनारा नसलेला हा गरीब देश. दक्षिणेतल्या डोबा भागात तेल होते. ते काढायचे तर कॅमेरूनमधून अटलांटिकवरच्या क्रिबीपर्यंत १,०७० किलोमीटर लांबीची वाहिनी टाकणे भाग होते. प्रकल्पाचा अंदाजित खर्च सुमारे ३.७ अब्ज डॉलर. एक्सॉन मोबिल, शेव्हरॉन आणि पेट्रोनास या कंपन्यांकडे पैसा होता, भरवसा नव्हता. तो पुरवण्यासाठी २००० साली जागतिक बँक आली. बँकेने चाडला दिलेले कर्ज ३ कोटी ९५ लाख डॉलरचे, म्हणजे प्रकल्पाच्या मानाने किरकोळ. तिच्या पैशापेक्षा तिच्या सहीला किंमत होती. या सहीच्या बदल्यात चाडने एक कायदा केला होता.

१९९९ चा हा कायदा मजकूर म्हणून नमुनेदार आहे. तेलाचे स्वामित्वधन आणि लाभांश लंडनमधल्या बँकेतल्या राखीव खात्यात जमा व्हायचे. त्यातले १० टक्के ‘भावी पिढ्यांच्या निधी’त. उरलेल्यापैकी ८० टक्के शिक्षण, आरोग्य, ग्रामविकास, पाणी यांसाठी; ५ टक्के तेल निघते त्या डोबा भागासाठी; फक्त १५ टक्के सरकारच्या सर्वसाधारण खर्चाला. शिवाय नऊ जणांची देखरेख समिती, तिच्यात नागरी संघटनांचे प्रतिनिधी. गरीब देशाच्या तेलावर इतका नेटका कायदा पूर्वी झाला नव्हता, असे तेव्हा कौतुकाने म्हटले गेले.

पुढे काय झाले ते थोडक्यात सांगतो. तेल वाहू लागण्यापूर्वीच, २००० साली, कंपन्यांकडून मिळालेल्या अडीच कोटी डॉलरच्या करार-बक्षिसातले ४० लाखांहून अधिक डॉलर सरकारने शस्त्रांवर खर्च केले. २००३ मध्ये तेल वाहू लागले. डिसेंबर २००५ मध्ये चाडच्या संसदेने कायदा बदलला : भावी पिढ्यांचा निधी रद्द झाला, ‘प्राधान्य क्षेत्रां’त सुरक्षा दाखल झाली, सरकारच्या हाती मोकळा राहणारा वाटा ३० टक्क्यांपर्यंत वाढला. जानेवारी २००६ मध्ये बँकेने कर्जे थांबवली, खाते गोठवले. त्याच वर्षी तडजोड केली. तेलाचे भाव २००८ मध्ये विक्रमी उंचीवर गेले. सप्टेंबरमध्ये चाडने बँकेचे कर्ज मुदतीआधी फेडून टाकले, आणि देखरेखीचा प्रश्न मिटला. सावकाराचे देणे चुकते केल्यावर सावकार दारात कशाला उभा राहील?

याचे नेहमीचे स्पष्टीकरण असे, की अध्यक्ष इद्रिस देबी लबाड निघाले आणि बँक भोळी. दोन्ही विधानांत तथ्य असेल. पण ते पुरेसे नाही. कायद्यातले प्रत्येक कलम, प्रत्येक टक्केवारी ज्याच्या समाधानासाठी लिहिली होती, तो वाचक वॉशिंग्टनमध्ये बसला होता. डोबाच्या शेतकऱ्याला ती संहिता उद्देशून नव्हतीच. चाडची राजभाषा फ्रेंच आणि अरबी. प्रत्यक्ष बोलल्या जाणाऱ्या भाषा शंभराहून अधिक. ज्याच्या शेतातली आंब्याची झाडे वाहिनीसाठी तोडली गेली, त्याला भरपाईचा आकडा कळला असेल. राखीव खात्यातला कळण्याची सोय नव्हती. देशातला एक वाचक मोठ्याने वाचू पाहत होता. गार्लेजी योरोंगार हे खासदार. प्रकल्पावर टीका केली म्हणून त्यांना १९९८ मध्येच तुरुंगात जावे लागले. बँकेची मंजुरी आली ती त्यानंतर.

‘दाता’ हा शब्दही इथे तपासावा. आपली वृत्तपत्रे अशा संस्थांना सर्रास ‘दाते’ म्हणतात. दात्याला आपल्याकडे ‘परत दे’ म्हणता येत नाही आणि घेणाऱ्याने मान खाली घालावी असा संकेत आहे. पण चाडला मिळाले होते ते सव्याज कर्ज. सावकाराला दाता म्हटले की त्याची देखरेख उपकारासारखी भासू लागते, आणि ज्यांच्या जमिनीखाली तेल आहे ते मालक याचक ठरतात.

हे सगळे मी प्रवरेच्या काठी, कोल्हारला बसून लिहितो आहे. इथे तेल नाही, ऊस आहे. भंडारदरा धरण १९२६ साली पुरे झाले आणि प्रवरेच्या कालव्यांनी या पट्ट्यात जी संपत्ती निर्माण केली तिचा हिशेब कोणी ठेवायचा, हा प्रश्न इथेही आला. इथून जवळच लोणीला १९५०-५१ च्या हंगामात शेतकऱ्यांचा सहकारी साखर कारखाना सुरू झाला. विठ्ठलराव विखे पाटील गावोगाव हिंडून भाग गोळा करणारे. अध्यक्षपदी पुण्याच्या गोखले संस्थेचे अर्थशास्त्रज्ञ धनंजयराव गाडगीळ. इंडस्ट्रियल फायनान्स कॉर्पोरेशनचे कर्ज होते, सरकारचा पाठिंबा होता. म्हणजे बाहेरचा पैसा आणि बाहेरची देखरेख इथेही होती. गाडगीळ स्वतः ‘बाहेरचे’ होते. फरक एवढाच, की त्यांना सभासदांनी बोलावले होते, सभासद त्यांना बदलू शकत होते, आणि हिशेब ज्या भाषेत मांडला जाई ती सभेतल्या शेवटच्या रांगेतल्या माणसाची होती. भाग घेतलेला शेतकरी त्या हिशेबाचा अपेक्षित वाचक होता. उसाच्या भावातून पैसा कापून उभ्या राहिलेल्या शाळा आणि दवाखाने हे आमचे ‘भावी पिढ्यांचे निधी’. ते दिसतात, त्यांत आमची मुले शिकली.

याचे गोडवे गाऊन थांबलो तर मात्र तो अप्रामाणिकपणा होईल. माझ्या वडिलांच्या कपाटात एका कारखान्याची जुनी ऊसबिले आहेत. परतीची ठेव, बिनपरतीची ठेव, भागभांडवल, अमुक निधी, तमुक निधी, अशी कपातीची उतरंड. परतीची ठेव परत कधी, हे त्यांनी एकदा सभेत विचारले. उत्तर यायच्या आतच ‘मंजूर, मंजूर’ असा गजर झाला आणि पुढचा विषय पुकारला गेला. अहवाल मराठीत होता, गुळगुळीत कागदावर होता, घरपोच आला होता. तरीही तो वडिलांसाठी लिहिलेला नव्हता. भाषा आपली असली म्हणजे वाचक आपण असतोच असे नाही, हे मी तेव्हा शिकलो.

हा अनुभव नवा नाही. शेतकऱ्याच्या घामातून सरकारचा महसूल येतो आणि तो वरच्या वर्गाच्या शिक्षणावर खर्च होतो, ही तक्रार जोतीराव फुल्यांनी १८८२ मध्ये हंटर आयोगापुढील निवेदनात मांडली. ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहून त्यांनी तीच शेतकऱ्याच्या बोलीजवळच्या मराठीत पुन्हा उभी केली. एक मजकूर राज्यकर्त्यासाठी इंग्रजीत, दुसरा कुणब्यासाठी मराठीत : दोन वाचकांना दोन पुस्तके लागतात हे त्यांनी ओळखले होते. चाडच्या कायद्याची पहिलीच आवृत्ती निघाली. दुसरी कोणी लिहिलीच नाही.

यावर एक गंभीर आक्षेप येईल. बाहेरची देखरेख निरुपयोगी म्हणावी, तर ती गेल्यावर काय झाले? २०१३-१४ मध्ये चाडने ग्लेनकोर या व्यापारी कंपनीकडून पुढच्या तेलाच्या तारणावर एक अब्ज डॉलरहून अधिक कर्ज उचलले. भाव कोसळले आणि देश कर्जात बुडाला. तेव्हा विचारणारेही कोणी नव्हते. आक्षेप मला मान्य आहे. बँक असताना निदान आकडे प्रसिद्ध होत होते, आणि आकडे प्रसिद्ध होणे ही लहान गोष्ट नाही. पण आकडा प्रसिद्ध होणे आणि वाचला जाणे यांत अंतर आहे. बाहेरचा लेखापरीक्षक हिशेब तपासून देऊ शकतो. तो मागण्याची सवय लावून देऊ शकत नाही. ती सवय तिथे रुजायच्या आत तेल वाहू लागले, आणि आमच्याकडे रुजलेली सवय गुळगुळीत अहवालांखाली दबत गेली.

म्हणून साहित्याच्या विद्यार्थ्यांना आणि शिक्षकांना माझी एक साधी विनंती आहे. वर्षातून एकदा वर्गात कवितेच्या जागी आपल्या गावच्या सोसायटीचा, बाजार समितीचा किंवा कारखान्याचा वार्षिक अहवाल घ्यावा. निवेदक कोण, कोणती क्रियापदे कर्मणी आहेत, ‘ठरविण्यात आले’ म्हणजे कोणी ठरवले, कोणता शब्द कशावर पांघरूण घालतो, हे नेहमीच्या शिस्तीने वाचावे. आपल्याजवळ हे कसब आहे, आणि ते ज्यांच्याजवळ नाही अशा माणसांच्या घामाचा हिशेब त्या कागदांत आहे. माझे वडील आता सभेला जात नाहीत. अहवाल मात्र दर वर्षी येतो, आणि तो आता मी वाचतो.